कुस्ती बंद पडली, पण मुलींमुळे नाही

लेखात म्हटलंय की टायटल नाइन या कायद्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजांनी मुलांच्या कुस्तीच्या टीम बंद केल्या. अहो, ही अर्धीच गोष्ट झाली. 1972 चा तो कायदा कुठलीच टीम बंद करा म्हणत नाही, मुलींना बरोबरीची संधी द्या म्हणतो. आता अमेरिकन फुटबॉलच्या एका टीमला अगदी परवापर्यंत 85 स्कॉलरशिप, वर पोरं शंभराच्या पुढे, मुलींचा एवढा मोठा खेळच नाही, मग मुलामुलींच्या आकड्यांचा हिशोब जुळवायला कात्री लागते कुस्तीला नाहीतर जिम्नॅस्टिक्सला, फुटबॉल कोचच्या पगाराला हात लावायची कुणाची टाप नाही, काहींना तर वर्षाला 1 कोटी डॉलरच्या वर मिळतात!

माझी मुलगी कॉलेजात रोइंग करते. शाळेत असताना वल्हं कधी हातात धरलं नव्हतं, कोचने उंची बघून बोलावलं. पहाटे पाचला नदीवर, तळहात सोलवटलेले, टेप गुंडाळून परत बोटीत. गंमत म्हणजे मुलींचा आकडा भरायलाच बऱ्याच कॉलेजांनी रोइंग सुरू केलं, एका फटक्यात पन्नास-साठ मुली बसतात ना! असेना का, तिला खेळायला मिळालं.

आणि 2025 च्या हाउस सेटलमेंटनंतर, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या खटल्यातल्या तडजोडीनंतर, एकेक कॉलेज खेळाडूंना पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं, त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला. कारण काय तर म्हणे तेच कमावतात. मग आमच्या बिलात दर सेमिस्टरला अ‍ॅथलेटिक्स फी कशाची लावता हो?