जुने ऑडिओ गेम मेलेले नाहीत

"नवीन लॅपटॉप घेतला? मग जुने ऑडिओ गेम विसरा. ते ३२-बिटचे, विंडोज ११ वर चालतच नाहीत, एनव्हीडीएशी भांडतात आणि व्हायरसही आणतात. एक्सपीचा जुना संगणक असेल तर तोच जपा." हा व्हॉइस मेसेज कोल्हापुरातल्या आमच्या अंध मित्रांच्या गटात आतापर्यंत तीनदा येऊन गेला. ऑडिओ गेम म्हणजे चित्रांऐवजी आवाजावर खेळायचे संगणकावरचे गेम, एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, आणि एक्सपी ही विंडोजची जुनी आवृत्ती. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि लोक नवीन मशीन घ्यायला लागले, त्यामुळे तो पटकन पसरतोय. मंगळवार पेठेतल्या माझ्या एका मित्रानं तो ऐकून गेमचा अख्खा फोल्डर उडवला, सेव्ह केलेल्या खेळांसकट. मला फार वाईट वाटलं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा, ३२-बिटचा. ६४-बिट विंडोज ३२-बिट प्रोग्राम रोज चालवते, त्यासाठीची सोय तिच्यातच आहे. चालत नाहीत ते १६-बिटचे. काही जुन्या गेमचा इन्स्टॉलर तेवढा १६-बिटचा असतो आणि आतला गेम ३२-बिटचा. इन्स्टॉलर अडला की लोकांना वाटतं, गेमच गेला. अशा वेळी जुन्या मशीनवरचा इन्स्टॉल झालेला फोल्डर उचलून आणला तर बऱ्याचदा काम होतं.

मग एरर का येतो? शाहूपुरीतल्या एकाचा लॅपटॉप मी मांडीवर घेऊन बसलो होतो. एंटर दाबला की स्क्रीन रीडर म्हणायचा, "रन-टाइम एरर ४२९." तो म्हणाला, "भावा, गेलं सगळं." गेलं काहीच नव्हतं. अनेक ऑडिओ गेम व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहेत. ते चालवायला लागणारी मूळ फाइल विंडोज ११ मध्येही येते. पण आवाजासाठी त्यातल्या बऱ्याच गेमना डीएक्स८व्हीबी.डीएलएल नावाची मदतनीस फाइल लागते, आणि ती व्हिस्टापासून, म्हणजे एक्सपीनंतरच्या आवृत्तीपासून, विंडोजसोबत येत नाही. त्याच्या घरच्या एक्सपीवर ती सिस्टम३२ फोल्डरमध्ये होती. तिथून पेन ड्राइव्हवर घेतली. कुठल्याही अनोळखी साइटवरून डीएलएल उतरवू नका.

आता सगळे चुकतात ती जागा. ६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिटच्या फाइली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात, आणि सिस्टम३२ मध्ये ६४-बिटच्या. नावं उलटी वाटतात, पण आहे असंच. फाइल सिसवॉव६४ मध्ये टाकली, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, त्याच फोल्डरमधल्या रेगएसव्हीआर३२ या विंडोजच्याच प्रोग्रामनं तिची नोंदणी केली. पुन्हा एंटर. गेमचं सुरुवातीचं संगीत वाजलं आणि पोरगा काही क्षण बोललाच नाही.

सेव्ह होत नसेल तर गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. सी ड्राइव्हवर स्वतःचा वेगळा फोल्डर करा.

दुसरा, एनव्हीडीएशी भांडण. गेम स्वतःच्या आवाजात बोलत असेल तर एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), शिफ्ट आणि एस दाबा. लॅपटॉपच्या मांडणीत एसऐवजी झेड. त्या गेमपुरता एनव्हीडीए झोपतो आणि बाणाच्या कळा गेमला मिळतात. पण जो गेम एनव्हीडीएच्याच आवाजात बोलतो, तिथं हे करू नका, गेमही गप्प होईल.

"आवाज उशिरा येतो, डावं-उजवं कळत नाही" ही तक्रारही त्या मेसेजमध्ये आहे. ती खरी आहे, पण दोष गेमवर टाकू नका. टॉप स्पीड या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये माझ्या मित्राची गाडी प्रत्येक वळणावर धडकायची. कानात ब्लूटूथ होतं, वळणाची सूचना ऐकू येईपर्यंत वळण संपलेलं असायचं. महाद्वार रोडवरून वायरचे साधे इयरफोन आणले आणि गाडी रस्त्यावर राहिली. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू राहिला तरी दोन्ही कानांत सारखंच ऐकू येतं, तेही तपासा. एक गोष्ट मात्र खरंच हरवली आहे. व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडला, म्हणजे गेमचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या भागाला, साउंड कार्डाची थेट मदत मिळत नाही, त्यामुळे काही गेममधला पुढचा-मागचा फरक पुसट झाला.

व्हायरसचं म्हणाल, तर बीजीटी या ऑडिओ गेम बनवायच्या साधनावर बनवलेल्या गेमवर अँटीव्हायरस बऱ्याचदा विनाकारण संशय घेतो. फाइल मूळ निर्मात्याकडूनच आली असेल, तरच तेवढा फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा. अँटीव्हायरस बंद करू नका.

आणि एक्सपी जपायचा सल्ला? मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. एनव्हीडीएची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती २०१७.३. त्या मशीनवर इंटरनेट वापरणं धोक्याचं आहे. एखादा गेम काही केल्या चालला नाही, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक्सपी टाका आणि त्याचं नेटवर्क बंद ठेवा.

निर्माताच बंद झाला असेल आणि विकत घेतलेल्या गेमची नोंदणीची किल्ली त्या जुन्या मशीनलाच बांधलेली असेल, तर मात्र माझ्याकडेही उपाय नाही. म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी गेमचे फोल्डर, किल्लीचे ईमेल आणि ती डीएलएल पेन ड्राइव्हवर घ्या. फोल्डर उडवलेल्या माझ्या मित्राची जुनी हार्ड डिस्क अजून माळ्यावर आहे. रविवारी ती जोडून बघणार आहोत.