व्हर्नची तोफ आणि तुमचा तोफखाना

महोदय,

फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत की, त्याच्या कादंबरीत तोफेतून चंद्राकडे डागलेल्या गोळ्यातले तिघे प्रवासी पहिल्या क्षणीच चिरडले असते, इंग्रज लेखक एच. जी. वेल्स त्याच्याहून मोठा, लेख पाल्हाळिक, आणि 'व्हर्नला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं, लेखकालाही नाही'.

लेख लांबला, मान्य. पण 'ओ की ठो'? ही कुठली बोलायची रीत? मतभेद असू द्या की, समोरच्याला अडाणी ठरवूनच तोंड उघडायचं का?

आता अडाण्याचं ऐका. मी कुर्ल्याच्या फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, होतो. १८६५ च्या त्या कादंबरीतलं तोफेचं ओतकाम वाचलंत तरी का? ९०० फूट लांब, बिडाची, फ्लॉरिडात खड्डा खणून उभीच ओतलेली, भोवती १,२०० भट्ट्या. मधली पोकळी राखणाऱ्या कोअरच्या, म्हणजे गाभ्याच्या, माती-वाळूत व्हर्न गवत आणि पेंढा मिसळतो. का, ते सांगा बरं! आम्ही शेण, भुसा घालायचो. लोखंडाचा रस पडला की ते जळतं आणि वाफेला वाट मिळते. नाहीतर रस उसळून अंगावर येतो. माझ्या मनगटावर त्याची सही आहे. ओतल्यावर कित्येक आठवडे तोफेजवळ फिरकता येत नाही, हेही त्यानं लिहिलंय. पॅरिसमध्ये शेअर बाजारात काम केलेल्या माणसानं हे लिहिलं, आणि त्याला काही कळत नव्हतं म्हणे! गोळ्याच्या मार्गाचं गणित त्यानं नात्यातल्या आंरी गार्से या गणितज्ञाच्या मदतीनं केलं. वेग धरला सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. पृथ्वीची ओढ तोडायला आजही तेवढाच लागतो, साहेब.

चिरडण्याचं म्हणाल, तर गोळ्यात पाण्याची गादी होती. ती पुरली नसती, बरं. पण व्हर्न वाचून झपाटलेला रशियन रॉकेट-शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की त्यातूनच रॉकेटच्या गणिताकडे गेला, त्याचं काय?

आणि वेल्स! त्यानं १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पून माणसं चंद्रावर धाडली. तो धातू दाखवा, असं म्हातारपणी खुद्द व्हर्ननंच सुनावलं होतं. आपल्याकडे असेल तर घेऊन या, नसेल तर पुढच्या वेळी निदान टोपणनाव काढून स्वतःच्या नावानं लिहा.