दीड रुपयाचा तुकडा

केक उत्तम झाला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही.

ओव्हन लावून मी कोथिंबीर आणायला खाली उतरलो. नौपाड्यातली जुनी इमारत, सगळ्यांचे मीटर जिन्याखाली एका रांगेत. तिथे तळमजल्यावरचे काका चष्मा कपाळावर चढवून, हातात घड्याळ घेऊन माझ्या मीटरला नाक लावून उभे.

"बोलू नका! ...सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. हं. ओव्हन लावलाय ना?"

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. माझ्या मीटरवर 1600 छापलंय, म्हणजे तो 1600 वेळा लुकलुकला की एक युनिट. "मिनिटाला 48, तासाला 2880, म्हणजे 1.8 युनिट. त्यातून फ्रिज-पंखे काढा, राहिले 1500 वॉट." ओव्हनच्या मागच्या पट्टीवर नेमके 1500च आहेत. माणूस चुकला असता तर मी एवढा चिडलो नसतो.

"बघा, मंदावला! तापला, थर्मोस्टॅटने कॉइल बंद केली. म्हणजे पाऊण तासाला धरा एक युनिट. वहिनी माहेरी गेल्यात वाटतं?"

एव्हाना वॉचमन आणि इस्त्रीवाला येऊन उभे राहिले होते. काकांनी युनिटला बारा रुपये धरले.

"बारा कुठून आणले?"

"तुमचं मागचं बिल भागिले युनिट. पेटीत दिसलं होतं."

माझं बिल! आता मीही पेटलो. म्हटलं, असा भागाकार चालत नाही. त्या बिलात स्थिर आकार आहे, तो केक केला नाही तरी भरावाच लागतो. केकचं युनिट हे शेवटचं युनिट, ते ज्या टप्प्यात पडेल त्याचा दर धरा, वर वहन आकार, म्हणजे वीज तारांमधून घरापर्यंत आणण्याचा खर्च, इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या वाढत्या-घटत्या खर्चाचा फरक, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

"तेच म्हणतोय. शंभराच्या वर गेलात की सगळीच युनिटं महाग!"

"नाही हो काका. पहिली शंभर पहिल्याच दराने लागतात, फक्त वरची महाग."

"असं कसं?" इस्त्रीवाला म्हणाला. वॉचमननेही मान डोलावली. बहुमताने माझी पहिली शंभर युनिटं महाग झाली.

"आमची ही कुकरमध्ये मीठ पसरून केक करायची. शिट्टी काढून. विजेचा संबंध नाही," काका म्हणाले. गॅस काय फुकट येत होता? हे मला जिना चढताना सुचलं. मला नेहमी जिना चढतानाच सुचतं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या मीटरचा फोटो. खाली: 'एक केक 12 रु., आठ तुकडे, तुकडा दीड रुपया.' तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी विचारलं, याच भावात मिळेल का? अंडी, लोणी, साखर, माझी मेहनत, सगळं शून्य. जिन्यातले दिवे भर दुपारी जळतात, पाण्याचा पंप टाकी भरून वाहिली तरी चालतो, आणि ते बिल आपण सगळे भरतो. त्याचा भागाकार ग्रुपवर कधी येत नाही.

काकांचा एसी दुपारभर चालतो. त्याचा दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो, असं मी विचारलं.

"माझं मीटर कोपऱ्यात आहे हो," काका म्हणाले, "तिथे नीट दिसत नाही."