साखळीचा उल्लेख राहून गेला

भारतातल्या जमीन मोजणीच्या इतिहासावरचा तुमचा लेख आवडला. १८०२ साली मद्रासहून लॅम्बटनने सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी आणि हिमालयाची उंची, सगळं आलंय. पण आमच्या खानापूर-बेळगावच्या शेतकऱ्याचा संबंध हिमालयाशी नाही, बांधाशी!

आमची खरी मोजणी म्हणजे मुंबई इलाख्याची. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात बसवलेली पद्धत पुढे इकडे आली. शेताला सर्व्हे नंबर, बांधावर दगड, मातीचा कस बघून आकार, म्हणजे शेतसारा. मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा! चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याआधी शिवकाळात काठी होती, पाच हात पाच मुठींची, आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा.

१९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेला, तरी गुंठा तोच राहिला. कागद मात्र बदलला. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात सातबारा, इकडे कन्नडमधली पहाणी, आणि आम्ही अजून दोन्हीला 'उतारा'च म्हणतो.

गेल्या वर्षी आमच्या बांधाची मोजणी झाली. आजोबांच्या ट्रंकेतला नकाशा मराठीत, मोजणीदाराकडचा कन्नडमध्ये. आकडे तेवढे जुळले. दगड मात्र सापडला नाही. शेजारच्या काकांच्या गोठ्याच्या पायरीला तसाच एक दगड आहे, पण ते म्हणतात तो नदीतला.