सॉपविथ कॅमल (१/४८) किट: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलवरचा (खऱ्याच्या १/४८ मापाचं) तुमचा अभिप्राय फोटोंसकट वाचला. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तक्रारी थोडक्यात मांडतो: खालचे पंख साच्यातूनच वाकडे आले, ते घासून सरळ बसवले तर बाहेरचे स्ट्रट (दोन पंखांमधले उभे खांब) आखूड पडले, रिगिंगसाठी (पंखांमधल्या तिरक्या ताणतारांसाठी) तार न देता रबरी दोरा दिला, माहितीपत्रकात एकाच जागी दोन-दोन तारा चुकून छापल्या आहेत, आणि वैमानिकापुढची काच पांढुरकी निघाली. शेवटी, माल सदोष आहे, पैसे परत करा.

पैसे परत करणार नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून थांबणंही बरोबर नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

कॅमलचा वरचा पंख सपाटच असतो आणि खालचे दोन टोकांकडे चढत जातात. विमानच तसं होतं. खालच्या पंखांना ५ अंशांचा डायहेड्रल (टोकांकडे वर चढणारा कोन), वरच्याला शून्य. सॉपविथच्या कारखान्याचे व्यवस्थापक फ्रेड सिग्रिस्ट यांनी बांधणी सोपी व्हावी म्हणून हा बदल सुचवला होता. त्यामुळे दोन पंखांमधलं अंतर धडाजवळ जास्त आणि टोकांकडे कमी होतं. १९१७-१८ मधला समोरून काढलेला कॅमलचा कुठलाही फोटो घ्या आणि वरच्या पंखावर पट्टी ठेवा, लगेच दिसेल. पहिल्यांदा हे किट उघडणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं, यात नवल नाही. बहुतेक बायप्लेनमध्ये (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानांत) दोन्ही पंख समांतर असतात आणि डोळ्याला तीच सवय असते.

आता स्ट्रटचं कोडं आपोआप सुटतं. बाहेरचे स्ट्रट त्या कमी अंतराच्या मापाने केलेले आहेत. खालच्या पंखांच्या मुळाशी असलेल्या खाचा तुम्ही घासल्या, पंख आडवे झाले, म्हणजे टोकं खाली गेली आणि मधलं अंतर वाढलं. स्ट्रट जेवढे होते तेवढेच राहिले. ते पुरावेत म्हणून वरच्या पंखाची टोकं खाली दाबून चिकटवलेली तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतात, आणि डावीकडचं जरा जास्तच. पंखांचा पूर्ण विस्तार जेमतेम १८ सेंटिमीटर आहे. या मापात मिलिमीटरभर फरकही समोरून लपत नाही.

दोऱ्याबद्दल मात्र थोडं सविस्तर. खऱ्या विमानात तारांवर भार असतो. उडताना पंख वर उचलले जातात, तेव्हा धडाच्या खालून बाहेरच्या स्ट्रटच्या वरच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा त्यांना धरतात. जमिनीवर पंखांचं वजन उलट्या तिरक्या तारा पेलतात, म्हणजे मधल्या स्ट्रटच्या वरून बाहेरच्या स्ट्रटच्या खाली येणाऱ्या. शिवाय पुढच्या-मागच्या स्ट्रटमध्ये फुलीच्या तारा. मॉडेलमध्ये पंख चिकटवलेले असतात, तारेला काहीच पेलायचं नसतं. तिने फक्त सरळ दिसायचं. तेवढ्यासाठी लवचीक दोरा उत्तम, कारण तो पंखाला ओढत नाही आणि चुकून बोट लागलं तरी परत जागेवर येतो.

तुमच्या फोटोत मात्र आम्ही दिलेला दोरा नाहीच. तिथे चकचकीत नायलॉन आहे, बहुधा मासेमारीचा, गाठी मारलेला. 'एक तार ताणली की शेजारची सैल पडते' असं तुम्ही लिहिलं आहे, ते नायलॉनमुळेच. मागची तार घट्ट केली की पंख किंचित खाली येतो आणि त्याच दिशेची पुढची तार झोळ खाते. पुढची ओढली की मागची. हा खेळ संपत नाही, आणि दरम्यान प्लॅस्टिक वाकतं. नायलॉन वापरूच नये असं नाही. मुरलेले मॉडेलर तो वापरतात आणि शेवटी दुरून हलकी ऊब देऊन ताठ करतात. पण ते काम पंख पक्के आणि अचूक बसल्यानंतरचं. पंख जागेवर आणायला तारा ओढणं, हे मॉडेलमध्ये चालत नाही.

जोडीच्या तारा छपाईची चूक नाहीत. उड्डाणाचा भार घेणाऱ्या तारा दुहेरी असत. एक तुटली तर दुसरी पंख धरून ठेवेल, हा हिशोब. उड्डाणाचा भार नसलेल्या जागी एकेरी. ब्रिटिश विमानांत या तारा गोल नसून चपट्या, भिंगासारख्या छेदाच्या होत्या, म्हणजे हवेला विरोध कमी. त्यांची रुंदी ४८ ने भागली की केसाएवढी उरते, त्यामुळे बाजारातली साधी तांब्याची तार लावली तर मॉडेलवर दोरखंड बांधल्यासारखं दिसतं. मला स्वतःला जाड तारांपेक्षा तारा नसलेलं बायप्लेन बरं वाटतं, पण ही झाली माझी आवड.

काच कारखान्यातून पांढुरकी आलेली नाही. पाकिटातल्या भागांचा तुमचाच पहिला फोटो पाहा, त्यात ती स्वच्छ आहे. सुपर ग्लूची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसली की असा पांढरा थर येतो, आणि रिगिंगला सुपर ग्लू लागतोच. म्हणून काच सगळ्यात शेवटी, पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने लावावी. आता त्यावर पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा पातळ हात द्या, डाग बराचसा नाहीसा होतो.

'नवशिक्यांनी यापासून लांब राहावं' हे तुमचं वाक्य मला मान्य आहे. आमच्या पानावरही एक-दोन साधी, एकपंखी मॉडेल झाल्यावरच हे घ्या असं लिहिलेलं आहे. ते अभिप्राय वाचणाऱ्यांनाही कळलं, तर चांगलंच.

मॉडेल टाकून देऊ नका. खालचे पंख आणि स्ट्रट असलेली फ्रेम (सुटे भाग जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) आणि नवा दोरा मी विनामूल्य पाठवतो आहे. वरचा पंख सुपर ग्लूने चिकटवला असेल, तर मॉडेल पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने तो गोंद ठिसूळ होतो आणि सांधा हलक्या हाताने सुटतो. खालचे पंख प्लॅस्टिक सिमेंटने लावले असतील, तर तो सांधा वितळून एकजीव झालेला असतो. तिथे बारीक दातांची करवतच. नवे पंख न घासता बसवा. आधी मधले स्ट्रट, मग वरचा पंख. गोंद ओला असतानाच समोरून आणि वरून बघून सरळ करा आणि रात्रभर हात लावू नका. रंग आणि डेकल (विमानावर चिकटवायची चिन्हं) त्याआधीच उरकलेले असावेत, तारांच्या जाळ्यात ब्रश शिरत नाही. दोरा अंतरापेक्षा किंचित आखूड कापा, एक टोक चिकटवून वाळू द्या, मग अलगद ताणून दुसरं लावा. आतून बाहेर या, शेपटीच्या तारा शेवटी.

पार्सल ऑर्डरमधल्याच पत्त्यावर येईल; पत्ता बदलला असेल तर ऑर्डर क्रमांकासह निरोप टाका. आणि गोंद सोडवायला ॲसिटोन वापरू नका, तो गोंदाबरोबर पंखही विरघळवेल.