रविवार कॉन्स्टंटाइनच्या आधीपासूनचा

‘रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, शनिवारवरून रविवारवर नेला’ असे सांगितले जाते. हे खरे नाही. त्याच्या 7 मार्चच्या हुकुमाने न्यायाधीशांना आणि शहरातल्या लोकांना रविवारी सुट्टी मिळाली. शेतकऱ्यांना मात्र त्या दिवशी काम करण्याची मुभा होती. शब्बाथाचे त्यात नावही नाही. रविवारी जमून उपासना करण्याची पद्धत जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्यातच नोंदवली आहे. येशूचे पुनरुत्थान त्याच दिवशी झाले, हे कारणही तो देतो.

म्हणून शनिवार पाळणारे चुकतात असे मात्र नाही. शनिवार पाळणारा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ मुख्य आधार घेतो तो बायबलमधल्या दहा आज्ञांतल्या सातव्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा, सम्राटाच्या हुकुमाचा नव्हे. इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी तर दोन्ही दिवसांना मान देते.