स्टाफ आहे!

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी काय करते हे मित्रांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, सासरे काय करतात. 'पुण्यात ट्रॅफिकला हवालदार आहेत' म्हटल्यावर टेबलावर क्षणभर शांतता पसरली आणि मग एकाने उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. "सुटलास लेका! आता जन्मात पावती नाही." दुसऱ्याने बिलाच्या मागच्या बाजूला आपल्या गाडीचा नंबर लिहून माझ्या खिशात कोंबला. त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात मी एका दमात चार हजार रुपये दंड भरला. सासऱ्यांमुळे.

नाना, म्हणजे माझे सासरे, २०११ साली सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. हे आम्हाला माहीत आहे, पेन्शन देणाऱ्या बँकेला माहीत आहे. नानांना मात्र ते कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. अजून सिग्नलला गाडी थांबली की मागच्या सीटवरून ते चौकाची तपासणी करतात, "पॉइंट सोडून सावलीला उभा राहिलाय बघा तो," असा शेरा मारतात (पॉइंट म्हणजे ड्यूटीची ठरलेली जागा) आणि झेब्रावर आलेल्या रिक्षावाल्याला नुसत्या भुवईने मागे घेतात. तो घेतोही.

नोकरीत होते तेव्हा घरचा फोन म्हणजे कंट्रोल रूमच होती. "नाना, स्वारगेटला धरलंय," एवढंच वाक्य यायचं. पलीकडे कोण आहे हे निम्म्या वेळा नानांनाही कळत नसे. भाचा, भाच्याचा मित्र, मित्राचा साडू, गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी, कोणीही. नाना शांतपणे म्हणत, "जरा त्यांना द्या फोन." मग दोन मिनिटं ऊन फार आहे, रजा मिळत नाहीत, गुडघे गेले अशा गप्पा, आणि शेवटी जाता जाता, "ते आपल्या घरचेच आहेत बरं का." काम झालेलं असायचं. सासूबाईंचा याच्यावर कायमचा राग. "अख्ख्या तालुक्याच्या पावत्या वाचवल्या यांनी," त्या म्हणतात, "आणि मी जन्मभर पीएमटीने फिरले. मला कोण धरणार?"

'स्टाफ' हा मराठीतला फार ताकदीचा शब्द आहे. एसटीत चालतो, टोलनाक्यावर चालतो, चौकात तर धावतो. तो उच्चारणारा स्वतः स्टाफ असला पाहिजे असंही नाही. स्टाफच्या गाडीत बसलेला, स्टाफशी लग्न झालेला, स्टाफच्या बिल्डिंगमध्ये राहणारा, सगळे त्यात मावतात. मी एकदा एकटा असताना म्हणून पाहिला, तर घसा कोरडा पडला आणि तोंडातून 'स्टोव्ह' असं काहीतरी बाहेर पडलं. पावती झाली. घरी येऊन सांगितलं तेव्हा नाना दंडाबद्दल काही बोलले नाहीत, मी ते बसल्या जागेवरून म्हटलं याचं त्यांना वाईट वाटलं.

कारण नानांच्या लेखी या प्रकाराला एक रीत आहे. "पहिलं म्हणजे गाडीवरून खाली उतरायचं, जावईबापू. गाडीवर बसून ओळख सांगतो तो पुढारी. चावी आपली आपण काढायची, त्याला हात घालायची वेळ आणायची नाही. मोठ्या साहेबाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की समोरच्याचा अपमान होतो, आणि अपमान झालेला हवालदार गाडीचे सगळे कागद मागतो. आणि 'सोडा' हा शब्द तर तोंडातसुद्धा आणायचा नाही. नुसतं विचारायचं, 'काय म्हणतोय पॉइंट?' पुढचं तो समजतो."

"आणि नाही समजला तर?"

"तर तो नवीन आहे."

माझी मेहुणी न्यू जर्सीत असते. नाना तिच्याकडे राहून आले ते एका गोष्टीने कमालीचे प्रभावित होऊन, आणि ती गोष्ट नायगारा नव्हती. तिकडच्या पोलिसांच्या संघटना नातेवाइकांना देण्यासाठी चक्क कार्डं छापतात. लायसनबरोबर ते कार्ड पुढे करायचं, पोलीस बघतो, आणि बऱ्याचदा 'सांभाळून जा' म्हणून सोडून देतो. "छापील!" नाना म्हणाले. "आपल्याकडे सगळं तोंडी. माणूस रिटायर झाला की शब्द गेला." मी त्यांना सांगितलं की न्यूयॉर्कच्या संघटनेने २०१८ मध्ये या कार्डांचा कोटा कापला, नोकरीतल्या माणसाला तीसच्या जागी वीस आणि रिटायर झालेल्याला वीसच्या जागी दहा. नाना हळहळले. दहा कार्डांत आपली कोणकोणती माणसं बसतील याची त्यांनी बोटांवर मोजणी केली, आणि आठव्या बोटापर्यंतही मी आलो नाही हे मी पाहिलं.

न्यूयॉर्कमध्येच २०११ साली दंडाच्या पावत्या गायब करण्याच्या चौकशीतून सोळा पोलिसांवर आरोप ठेवले गेले, तेव्हा कोर्टाबाहेर त्यांच्या सहकाऱ्यांनी फलक धरले होते: हा शिष्टाचार आहे, गुन्हा नव्हे. उलट मॅथ्यू बियांकी नावाचा एक वाहतूक पोलीस कार्डवाल्यांनाही दंड करत राहिला, तर त्याला रात्रपाळीच्या गस्तीवर टाकलं. तो कोर्टात गेला आणि २०२४ मध्ये शहराने पावणेदोन लाख डॉलर देऊन तडजोड केली. नानांनी यातल्या पैशाकडे लक्षच दिलं नाही. "म्हणजे शिक्षा म्हणून कंट्रोलला जमा केला त्याला," ते समाधानाने म्हणाले. "तिकडेही आहे म्हणायचं आपल्यासारखंच."

तर नोव्हेंबर. पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. नानांना बँकेत न्यायचं होतं. मी हेल्मेट घातलं, दुसरं त्यांच्यापुढे धरलं. मी चुकून कुंडी दिल्यासारखं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कडक कारवाई सुरू झाली तेव्हा सक्तीविरोधी मोर्चात नानांना आमच्या शेजाऱ्यांनी पाहिलं होतं. विचारल्यावर म्हणाले, "सवयीने बंदोबस्ताला गेलो होतो." तर त्या दिवशी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला नाना बिनहेल्मेट, डोक्यावर पांढरी टोपी घालून, माझ्यामागे बसले.

दांडेकर पुलाच्या अलीकडे हात आडवा आला. पांढरा शर्ट, खाकी पँट, हातात मशीन, वय असेल पंचवीस-सव्वीस. पोरगी होती.

"दादा, मागच्यांचं हेल्मेट?"

मी पाकिटाला हात घातला. पाचशे रुपये, दोन मिनिटं, पुढे बँक. पण मागून खांद्यावर दाब आला. नाना रीतीप्रमाणे खाली उतरत होते. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलेलं असल्याने रीत पूर्ण व्हायला अर्धा मिनिट लागलं. तोवर आमच्या मागे एक टेम्पो हॉर्न वाजवून थकला. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय म्हणतोय पॉइंट?"

"कुठला पॉइंट, काका? बसस्टॉप होय? तो पुढे आहे."

नाना किंचित हलले. मग त्यांनी ब्रह्मास्त्र काढलं. "स्टाफ आहे, बेटा."

"अय्या, हो का?" ती खरंच खूश झाली. मग दोघांचं सुरू झालं. भरती कुठल्या सालची, ट्रेनिंग कुठे, खंडाळा का, मेसचं जेवण अजून तसंच आहे का. मी गाडी फुटपाथला लावली. नाईक हे पद आता बंद झालंय हे तिने सांगितलं तेव्हा नानांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. आणि गाव, आडनाव, वडील असं करत करत निघालं काय, तर तिचे वडील नानांचे जोडीदार. दोघांनी चार वर्षं एकाच चौकात पाळीपाळीने ऊन खाल्लेलं. ती वाकली आणि भररस्त्यात नानांच्या पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी जन्मात विसरणार नाही. बघितलंत? छापील कार्ड लागतं का?

ती उठली, दोन पावलं मागे सरकली आणि मशीनने आमच्या गाडीचा फोटो काढला.

"हे काय?" नाना म्हणाले.

"चलान, काका." एकदा मशीनला नंबर गेला की तिच्या हातात काही राहत नाही, हे तिने इतक्या आर्जवाने सांगितलं की मलाच तिची दया आली. शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरपासून मशीनमध्ये चालवणारा आणि मागचा असे दोन वेगळे रकाने आलेत, म्हणजे मी हेल्मेट घातलंय याचा नानांना उपयोग शून्य. "बाबांनासुद्धा मीच केलं परवा," ती म्हणाली. "चार दिवस बोलत नाहीत माझ्याशी."

नानांनी ताबडतोब बाबांना फोन लावायला सांगितला. मला वाटलं आता वरून दबाव येणार. कसलं काय! पलीकडे आधीच एक पोळलेला जीव होता. वीस मिनिटं दोन रिटायर माणसं एकमेकांचं सांत्वन करत होती. मुलगी फोन त्यांच्या हातात सोडून आणखी तीन स्कूटरवाल्यांना उरकून आली. मी उन्हात उभा. वेळ जाईना म्हणून मोबाइलवर मोटार वाहन कायदा उघडला, आणि त्यात कलम २१० ब सापडलं. कायदा राबवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला, तर दंड दुप्पट.

मी ते नानांना मोठ्याने वाचून दाखवलं.

फोन कानावरून खाली आला. जो माणूस अर्धा तास डिपार्टमेंट, डिपार्टमेंट करत होता तो चटकन म्हणाला, "मी रिटायर आहे. बेटा, लिहून घे. २०११." चौदा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

पाचशे रुपयांवर भागलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. पण तिने मशीनकडे पाहून भुवया वर केल्या. "दादा, गाडीवर मागचीही बाकी आहे. साडेतीन हजार."

मला काहीच माहीत नव्हतं, कारण गाडीच्या नोंदणीला माझा तो जुना नंबर आहे, जो मी कधीच बंद केला. मेसेज कुठल्या तरी अनोळखी माणसाला जात असणार. तो बिचारा काय विचार करत असेल कोण जाणे. सिग्नल तोडल्याचे तीन गुन्हे. पहिल्याला पाचशे, मग दीड हजार, पुन्हा दीड हजार. तिन्ही सोमवारी सकाळचे. सोमवारी मी मेट्रोने ऑफिसला जातो. आणि सोमवारी स्कूटर घेऊन मंडईत भाजीला कोण जातं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी नानांकडे पाहिलं. नाना दांडेकर पुलाच्या वाहतुकीचा अभ्यास करत होते.

रात्री वेबसाइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले. तिन्ही फोटो आले. सासूबाई, बायको, मी, सगळे लॅपटॉपभोवती. पहिल्या फोटोत दिवा लालभडक, स्कूटर झेब्राच्या पार पुढे, आणि नाना अ‍ॅक्सिलरेटर सोडून उजवा हात कपाळाला लावून कडक सलाम ठोकतायत. दुसऱ्यात तेच, फक्त पायाशी पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या डोकावतायत. तिसऱ्यात फ्रेमच्या कोपऱ्यात चौकातला हवालदार दिसतो. त्याचाही एक हात कपाळाला आहे आणि दुसऱ्याने तो 'या, या' करतोय. त्याच्या डोक्यावर खांब, खांबावर कॅमेरा.

"तो पोरगा मला ओळखतो," नाना म्हणाले. "मला लांबून बघतो, सलाम करतो, जा म्हणतो. मग मी काय थांबू? अपमान होतो त्याचा."

सासूबाई काही न बोलता भाजी निवडायला निघून गेल्या. मी पैसे भरले. पाचशे, दीड, दीड आणि आजचे पाचशे. पावती डाउनलोड करून लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात नाना चष्मा घालून पुन्हा जवळ आले आणि पहिल्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले.

"निरोप समारंभाच्या फोटोत कोपर जरा वाकलंय माझं," ते म्हणाले. "हे बघा, कसं आलंय. याची मोठी कॉपी निघेल का?"

"निघेल की. चौकातल्या स्टुडिओवाल्याला सांगतो."

"सांगा. आणि जावईबापू, तेवढा तो दिवा हिरवा करता येतो का, विचारा त्याला."